मिशिगनचा २०२४ चा ऑफसीझन: बास्केटबॉल सावरलं, फुटबॉल अडकलं

८ जानेवारी २०२४ च्या रात्री ह्यूस्टनमध्ये मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवलं आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मोसमातले पंधराच्या पंधरा सामने त्यांनी जिंकले होते. १९९७ नंतर हा मान पहिल्यांदाच विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बरला येत होता. त्याच दिवसांत त्याच विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मात्र एकामागून एक सामने हरत होता. मार्चमध्ये त्यांचा मोसम आटोपला तेव्हा ८ विजय आणि २४ पराभव असा हिशेब होता. एका मोसमात इतके पराभव या संघाने आधी कधीच पाहिले नव्हते.

पुढच्या मोसमात चित्र उलटं झालं. फुटबॉल संघ ८-५ वर घसरला. बास्केटबॉल संघ २७-१० पर्यंत चढला, आपल्या कॉन्फरन्सची, म्हणजे बिग टेन या विद्यापीठांच्या गटाची, स्पर्धा जिंकला आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या १६ संघांत पोचला.

ही उलथापालथ मैदानावर झाली नाही. ती झाली मधल्या काळात, जेव्हा सामने बंद असतात, ज्याला तिकडे सगळे ऑफसीझन म्हणतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत, विशेषतः गाड्यांच्या उद्योगामुळे डेट्रॉइटच्या आसपास स्थिरावलेल्यांच्या घरी, शनिवारी मिशिगनचा सामना लागलेला असतोच. मुलं तिथे शिकतात, पुतणे-भाचे एमएस करायला तिथे जातात. पण ऑफसीझनमध्ये 'पोर्टल', 'एनआयएल' असे शब्द सुरू झाले की नव्याने बघणारा गोंधळतो. मला वाटतं, हा काळ समजला तर सामने दुप्पट समजतात. म्हणून २०२४ चा एकच ऑफसीझन घेऊन तो उलगडून पाहू. त्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. कोच किती हुशार आहे, तिजोरीत पैसा किती आहे, याच्याइतकंच महत्त्व दोन साध्या गोष्टींना असतं: तारीख कोणती आहे आणि संघात माणसं किती आहेत.

आधी माणसांचा आकडा

अमेरिकन फुटबॉलमध्ये एका वेळी मैदानावर ११ जण असतात, पण चढाईचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे, आणि चेंडू लाथाडण्याच्या खास प्रसंगांसाठी आणखी काही जण वेगळे. दुखापती खूप. त्यामुळे २०२४ मध्ये एका संघाला ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येत होती, शिवाय शिष्यवृत्तीविना खेळणारी मुलं वेगळी. अठरा वर्षांचा मुलगा दाखल होतो, दोन वर्षं व्यायामशाळेत अंग कमावतो, सरावात मार खातो आणि तिसऱ्या वर्षी मैदानात दिसू लागतो. चढाईच्या भिंतीत उभे राहणारे पाच धिप्पाड खेळाडू एकमेकांच्या हालचाली ओळखू लागायलाच एक मोसम जातो.

बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाच जण. शिष्यवृत्त्या तेव्हा फक्त १३. खरं तर आठ-नऊ जणांवरच सगळा डोलारा उभा असतो. पाच चांगले खेळाडू नव्याने आणले तर अर्ध्याहून जास्त संघ नवा झाला. फुटबॉलमध्ये पाच चांगले खेळाडू आणले तर एक कोपरा बुजला, एवढंच.

हे इतकं उघड आहे की त्याकडे लक्षच जात नाही. पण पुढची सगळी गोष्ट याच फरकावर उभी आहे.

नियम कसे बदलले

पूर्वी विद्यापीठाचा खेळाडू हौशी मानला जाई. शिक्षण, राहणं, जेवण यांचा खर्च विद्यापीठ करी, त्याउपर पैसा घेणं म्हणजे गुन्हा. स्टेडियम मात्र लाखाच्या घरात भरत. मिशिगनच्या मैदानाची क्षमता १,०७,६०१ आहे, आणि 'बिग हाउस' हे त्याचं टोपणनाव सार्थ आहे. कोचला वर्षाला लाखो डॉलर, प्रक्षेपणाचे करार अब्जावधींचे, आणि ज्याच्या गुडघ्यावर हे सगळं चालायचं त्याला टी-शर्टवर सही करून शंभर डॉलर घ्यायचीही मुभा नव्हती. हा अन्याय होता, असं माझं ठाम मत आहे, आणि तो इतकी वर्षं चालला याचं आजही वाईट वाटतं.

२१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणारी संस्था, म्हणजे एनसीएए, शिक्षणाशी निगडित लाभांवर मनमानी मर्यादा घालू शकत नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर दहाच दिवसांनी, १ जुलै २०२१ पासून, खेळाडूंना आपलं नाव, छायाचित्र आणि ओळख वापरून जाहिरातींतून कमावायची परवानगी मिळाली. यालाच एनआयएल म्हणतात. प्रत्यक्षात लवकरच असं झालं की प्रत्येक मोठ्या विद्यापीठाच्या श्रीमंत चाहत्यांनी एकत्र येऊन निधी उभारला आणि त्यातून खेळाडूंशी करार होऊ लागले. या निधी-मंडळांना 'कलेक्टिव्ह' म्हणतात. मिशिगनच्या अशा एका मंडळाचं नाव चॅम्पियन्स सर्कल.

दुसरा बदल बदलीचा. पूर्वी विद्यापीठ बदललं की फुटबॉल-बास्केटबॉलच्या खेळाडूला एक वर्ष बाकावर बसावं लागे. २०२१ च्या एप्रिलपासून एकदा बदली केली तर बसायची गरज उरली नाही. २०२४ च्या एप्रिलपासून, अभ्यासात ठीक असाल तर कितीही वेळा बदली करा, लगेच खेळा, अशी सूट मिळाली. आणि या बदल्यांची नोंद जिथे होते ते म्हणजे पोर्टल, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली एक संगणकीय यादी. खेळाडूने आपल्या विद्यापीठाच्या नियम-विभागाला कळवायचं, दोन दिवसांत त्याचं नाव यादीत चढतं, मग देशातला कोणताही कोच त्याला फोन करू शकतो. जुन्या कोचची परवानगी लागत नाही. मात्र धोका खेळाडूचा: नाव चढलं की जुनं विद्यापीठ त्याची शिष्यवृत्ती काढून घेऊ शकतं.

हे दोन्ही बदल एकत्र आल्यावर काय झालं ते आयपीएल पाहणाऱ्याला पटकन कळेल. फरक एवढाच की इथे लिलाव पुकारणारा कोणी नाही, बोली जाहीर होत नाही, आणि खेळाडू दरवर्षी मोकळा होऊ शकतो.

यादीत नाव घालायला ठरावीक मुदत असते, तिला खिडकी म्हणतात. २०२३-२४ मध्ये फुटबॉलची मुख्य खिडकी डिसेंबरच्या सुरुवातीपासून ३० दिवस उघडी होती, आणि एप्रिलमध्ये आणखी १५ दिवस. बास्केटबॉलची खिडकी १८ मार्च ते १ मे. मुदत नाव घालण्याची असते. नवं विद्यापीठ नंतर सावकाश निवडता येतं. एक अपवाद होता, आणि तोच महत्त्वाचा: मुख्य कोच गेला किंवा काढला गेला तर त्या संघाच्या खेळाडूंसाठी खास ३० दिवसांची खिडकी उघडे. फक्त त्यांच्याचसाठी, आणि फक्त बाहेर पडण्यासाठी.

जानेवारीत काय घडलं

मिशिगन जिंकल्यावर दोन दिवसांनी, १० जानेवारीला, अलाबामाचे कोच निक सेबन निवृत्त झाले. सहा राष्ट्रीय विजेतेपदं अलाबामाला मिळवून दिलेला हा माणूस. त्यांच्या जागी अलाबामाने वॉशिंग्टनचे केलन डिबोअर उचलले, तेच ज्यांना मिशिगनने नुकतंच हरवलं होतं. वॉशिंग्टनने अ‍ॅरिझोनाचे जेड फिश घेतले. अ‍ॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन घेतले. आठवडाभरात एका निवृत्तीने चार शहरांत खुर्च्या हलल्या, आणि प्रत्येक ठिकाणी ती ३० दिवसांची खिडकी उघडली. अलाबामाचा अव्वल सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे राहून बचाव करणारा, केलब डाउन्स याच खिडकीतून निघाला आणि ओहायो स्टेटला गेला.

मिशिगनमध्ये याच सुमारास जिम हार्बॉ व्यावसायिक एनएफएलमधल्या संघांशी बोलत होते. हार्बॉ स्वतः मिशिगनचे माजी क्वार्टरबॅक, २०१५ पासून तिथे कोच. विजेतेपदाच्या त्या मोसमात ते दोनदा निलंबित झाले होते: सुरुवातीचे तीन सामने नव्या खेळाडूंच्या भरतीतल्या नियमभंगामुळे आणि नेहमीच्या सामन्यांतले शेवटचे तीन प्रतिस्पर्ध्यांचे इशारे चोरल्याच्या प्रकरणामुळे. एनसीएएची चौकशी डोक्यावर होती. २४ जानेवारीला ते लॉस एंजेलिस चार्जर्सकडे गेल्याचं जाहीर झालं. दोन दिवसांनी विद्यापीठाने शरोन मूर यांना मुख्य कोच केलं. मूर हे चढाईचे सूत्रधार होते; हार्बॉ बाहेर असताना पेन स्टेट, मेरिलँड आणि ओहायो स्टेट या तिन्ही सामन्यांत त्यांनीच संघ सांभाळून तिन्ही जिंकले होते. मिशिगन फुटबॉलचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच. निवड रास्त होती, आणि त्या वेळी खेळाडूंना धरून ठेवायला दुसरं कोणतंही नाव इतकं उपयोगी पडलं नसतं.

पण हार्बॉ एकटे गेले नाहीत. बचावाचे सूत्रधार जेसी मिंटर, खेळाडूंची शरीरं घडवणारे बेन हर्बर्ट आणि आणखी सहायक त्यांच्याबरोबर चार्जर्समध्ये गेले. मुख्य कोच वृत्तपत्रात दिसतो. पण अठरा वर्षांच्या पोराचं वजन वीस किलोने वाढवून त्याला जपणारा हर्बर्टसारखा माणूस गेला की होणारं नुकसान पुढच्या ऑक्टोबरमध्ये कळतं. चाहत्यांचं याकडे फार कमी लक्ष जातं.

मग खेळाडू. एप्रिल २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, मिशिगनचे १३ खेळाडू निवडले गेले, विद्यापीठाचा विक्रम. क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी दहाव्या क्रमांकावर मिनेसोटाला गेला, चेंडू घेऊन धावणारा ब्लेक कोरम लॉस एंजेलिस रॅम्सकडे. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हती ती तारखांची कोंडी, आणि ती क्वार्टरबॅकच्या जागी सर्वांत ठळक दिसली.

क्वार्टरबॅक म्हणजे चढाईत प्रत्येक वेळी चेंडू हातात घेऊन निर्णय करणारा. मॅकार्थीने आपण ड्राफ्टला जात असल्याचं १४ जानेवारीला जाहीर केलं, कारण त्याचा संघ ८ तारखेपर्यंत खेळत होता. तोवर पोर्टलमधले चांगले क्वार्टरबॅक कुठे होते? डिलन गेब्रियल डिसेंबरमध्येच ओरेगनला. विल हॉवर्ड जानेवारीच्या सुरुवातीला कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटला. कॅम वॉर्ड १३ जानेवारीला मायामीला. म्हणजे मिशिगनची जागा रिकामी होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बाजार उठला होता. शिवाय अ‍ॅन आर्बरमध्ये हिवाळी सत्र जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू होतं. उशिरा आलेल्या मुलाला वर्गात प्रवेश मिळत नाही, आणि वर्गात नाव नसेल तर सरावही नाही. हे खेळाडू शेवटी विद्यार्थी आहेत, याची आठवण ऑफसीझनमध्येच सर्वांत जास्त होते.

थोडक्यात, विजेतेपद मिळवणं हेच मिशिगनला महाग पडलं. ज्या आठवड्यांत बाकीचे संघ खरेदी करत होते त्या आठवड्यांत मिशिगन रोझ बोल हा उपांत्य सामना आणि अंतिम सामना खेळत होतं. कोच गेला तेव्हा उघडलेली खिडकी बाहेर जाण्याची होती. तिच्यातून सेफ्टी कीऑन सॅब अलाबामाला गेला. आत येण्यासाठी उरले ते थोडे. मेरिलँडचा जैशॉन बारहॅम, नॉर्थवेस्टर्नचा जॉश प्रीबी अशी काही चांगली माणसं मिळाली. पण क्वार्टरबॅक बाहेरून आला नाही, एप्रिलच्या खिडकीतही नाही. आहेत त्यांच्यातूनच निवडायचं ठरलं.

परिणाम सगळ्यांनी पाहिला. डेव्हिस वॉरन, अ‍ॅलेक्स ऑर्जी, जॅक टटल असे तीन जण आळीपाळीने आले आणि पुन्हा वॉरनवर गाडी थांबली. ७ सप्टेंबरला टेक्ससने घरच्या मैदानावर ३१-१२ असं धुतलं. फेकीच्या जोरावर मैदान काटण्यात मिशिगन त्या मोसमात देशातल्या सगळ्यात कमकुवत संघांत गणलं गेलं. वॉरनबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी: शाळेत असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता, तो त्यातून उठला आणि शिष्यवृत्तीविना मिशिगनमध्ये आला. अशा मुलाला दोष देण्याची इच्छाच होत नाही.

आणि ३० नोव्हेंबरला याच मिशिगनने कोलंबसमध्ये जाऊन ओहायो स्टेटला १३-१० असं हरवलं. समोर विल हॉवर्ड होता, तोच जो पुढे जानेवारीत राष्ट्रीय विजेता झाला. मिशिगनच्या फेकीतून शंभर यार्डही निघाले नाहीत. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट या मधल्या फळीतल्या दोन पहाडांनी बचाव जिंकून दिला. हे दोघेही पोर्टलमधून आलेले नव्हते. शाळेतून थेट घेतलेले, तीन वर्षं घडवलेले. ८५ जणांच्या संघात जुनी गुंतवणूक अशी उशिरा का होईना कामी येते.

मार्चमधली दुसरी गोष्ट

बास्केटबॉलचे कोच ज्युवान हॉवर्ड म्हणजे मिशिगनच्या भावविश्वातलं नाव. १९९१ साली एकत्र दाखल झालेल्या 'फॅब फाइव्ह' या पाच नवख्यांपैकी ते एक. २०१९ मध्ये कोच म्हणून परत आले, सुरुवात उत्तम झाली. मग घसरण.

त्या घसरणीतही पोर्टलचा हात होता. २०२३ मध्ये त्यांचा सात फुटी आधारस्तंभ हंटर डिकिन्सन कॅन्ससला निघून गेला. त्याच उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनाचा केलब लव्ह मिशिगनला यायचं कबूल करून बसला होता. पण जुन्या विद्यापीठातली क्रेडिट्स मिशिगनमध्ये पुरेशी धरली जाईनात, प्रवेश अडला, आणि तो अ‍ॅरिझोनाला गेला. तिथे तो आपल्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एमएसला जाताना आपल्या मुलांना 'क्रेडिट ट्रान्सफर' नावाची जी डोकेदुखी होते, तीच ही. मिशिगन पदवीच्या बाबतीत कडक आहे, आणि माझ्या मते ते असावंही. पण त्याची किंमत कोचला मोजावी लागते. शिवाय २०२३ च्या सप्टेंबरमध्ये हॉवर्ड यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे मोसमाची सुरुवात सहायकाने सांभाळली. १५ मार्च २०२४ रोजी विद्यापीठाने त्यांना पदमुक्त केलं.

आता तारखा पाहा. १५ मार्चला कोच गेला. १८ मार्चला पोर्टल उघडलं. २४ मार्चला नवे कोच म्हणून डस्टी मे यांचं नाव जाहीर झालं. मे यांचा आधीचा संघ फ्लोरिडा अटलांटिक दोनच दिवसांपूर्वी राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला होता. म्हणजे खिडकी उघडून आठवडाही झाला नव्हता, अजून पाच आठवडे बाकी, नवं सत्र थेट सप्टेंबरच्या सुमारास, आणि भरायच्या जागा आठ-दहा. फुटबॉलला जे जे नव्हतं ते सगळं इथे होतं.

मे हे मोठे खेळाडू कधीच नव्हते. इंडियाना विद्यापीठात बॉब नाइट यांच्या हाताखाली ते विद्यार्थी-मॅनेजर होते, म्हणजे टॉवेल, चेंडू, चित्रफिती सांभाळणारं पोर. तिथून शिकत शिकत त्यांनी फ्लोरिडा अटलांटिकसारख्या कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या संघाला २०२३ मध्ये ३५ विजयांसह शेवटच्या चारांत नेलं. सॅन डिएगो स्टेटविरुद्धचा उपांत्य सामना शेवटच्या क्षणाच्या फेकीवर एका गुणाने हुकला.

अ‍ॅन आर्बरमध्ये आल्यावर जुना संघ जवळपास रिकामा झाला. मुख्य गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत खेळ रचणारा, डग मॅक्डॅनियल कॅन्सस स्टेटला, टॅरिस रीड कनेटिकटला, टेरन्स विल्यम्स दक्षिण कॅलिफोर्नियाला. राहिलेल्यांत निमारी बर्नेट, विल शेटर आणि एक नाव असं की ते वाचून मन भरून येतं: जेस हॉवर्ड, म्हणजे नुकत्याच पदमुक्त झालेल्या कोचचा मुलगा. वडिलांना काढलेल्या विद्यापीठातच त्याने पुढचं वर्ष खेळायचं ठरवलं.

आणि मे यांनी कोणाला आणलं? आपल्या जुन्या संघातून सात फूट एक इंचाचा रशियन व्लादिस्लाव गोल्डिन. येलहून सात फुटी डॅनी वुल्फ. ऑबर्नहून ट्रे डोनाल्डसन. ओहायो स्टेटहून रॉडी गेल, म्हणजे थेट शत्रूच्या गोटातून. नॉर्थ टेक्ससहून रुबिन जोन्स, अलाबामाहून सॅम वॉल्टर्स. वुल्फ आणि डोनाल्डसन यांची ओळख त्याच मार्चमध्ये एकमेकांविरुद्ध झाली होती: २२ मार्चला येलने ऑबर्नला ७८-७६ असं हरवून खळबळ उडवली होती. गोल्डिन आणि बर्नेट तर चार वर्षांपूर्वी टेक्सस टेकमध्ये सहकारी होते; वेगवेगळ्या वाटांनी फिरून पुन्हा एका ड्रेसिंग रूममध्ये आले. पोर्टलच्या जगात अशा गाठी पडतात, आणि माणसांना एकमेकांची सवय लवकर होते ती यामुळेही.

वुल्फची निवड हा मला या सगळ्यातला सर्वांत देखणा निर्णय वाटतो. येलसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत, त्यामुळे तिथल्या खेळाडूंकडे मोठे कोच सहसा उशिरा वळतात. सात फूट उंचीच्या माणसाला सगळे टोपलीखाली उभं करतात. मे यांनी वुल्फच्या हातात चेंडू दिला, त्याला गार्डसारखं ड्रिबल करत वरून खेळ रचायला लावलं, आणि गोल्डिनला त्याच्यासाठी आडोसा धरायला सांगितलं. दोन सात-फुटी एकमेकांसाठी खेळ रचताहेत हे दृश्य महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये विरळाच. बचाव करणाऱ्यांना कुणी कुणाला धरायचं हेच कळेना. १६ मार्च २०२५ रोजी विस्कॉन्सिनला ५९-५३ हरवून मिशिगनने बिग टेन स्पर्धा जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना शेवटी थांबवलं ते ऑबर्नने. जूनमध्ये ब्रुकलिन नेट्सने वुल्फला २७ व्या क्रमांकावर एनबीएत निवडलं.

गोल्डिनच्या निमित्ताने एक बाजू सांगतो, कारण ती आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्याला आवाराबाहेर मनासारखं काम करता येत नाही, आणि आवारातही सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. हाच नियम परदेशी खेळाडूंना लागतो. शेजारच्या खणात बूट ठेवणारा अमेरिकन सहकारी जाहिरात करून बक्कळ कमावतो, आणि त्याच संघातला परदेशी मुलगा तीच जाहिरात अमेरिकेत केली तर व्हिसा गमवायच्या भीतीत असतो. म्हणून वकील लागतात, मायदेशात किंवा दुसऱ्या देशात चित्रीकरण करायच्या वाटा शोधल्या जातात. इतक्या मोठ्या सुधारणेत हा कोपरा कुणी नीट साफ केलेला नाही, आणि तो केला जायला हवा.

पैशाचं पुढचं पान

फुटबॉलने क्वार्टरबॅकचा धडा चांगलाच घेतला. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी ब्राइस अंडरवुडने लुइझियाना स्टेटला दिलेला शब्द मोडून मिशिगनला होकार दिला. हा देशातला त्या वर्षीचा पहिल्या क्रमांकाचा शाळकरी खेळाडू, आणि राहणारा अ‍ॅन आर्बरपासून अर्ध्या तासावरच्या बेलव्हिलचा. त्याला घरी आणण्यासाठी चॅम्पियन्स सर्कलने पैशांची जुळवाजुळव केली, आणि ओरॅकलचे लॅरी एलिसन आणि त्यांच्या पत्नी यांचे आभार जाहीरपणे मानले गेले. मिशिगन इतकी वर्षं या बाबतीत हात आखडता घेत होतं. त्या दिवशी ते संपलं.

त्यानंतर व्यवस्थाच बदलली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांनी स्वतःच आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे द्यायचे. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून कमाल सुमारे २.०५ कोटी डॉलर. मोठ्या विद्यापीठांत यातला सिंहाचा वाटा फुटबॉलला जातो, त्यानंतर पुरुषांचं बास्केटबॉल, आणि उरलेल्यात बाकी सगळे. शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा जाऊन तिच्या जागी संघातल्या एकूण माणसांची मर्यादा आली: फुटबॉलला १०५, बास्केटबॉलला १५. वॉरनसारख्या शिष्यवृत्तीविना येणाऱ्या मुलांसाठी याने जागा आकसल्या, ही त्यातली दुखरी बाजू.

फुटबॉलच्या खिडक्याही बदलल्या. एप्रिलची खिडकी रद्द झाली. आता एकच, आणि २०२६ साली ती २ ते १६ जानेवारी होती. कोच बदलल्यावर उघडणारी खास खिडकीही ३० वरून १५ दिवसांवर आली आणि ती नवा कोच नेमल्यानंतर पाच दिवसांनी सुरू होते, म्हणजे खेळाडूला निदान नवा माणूस कोण हे पाहून ठरवता येतं.

या बदललेल्या वेळापत्रकाची परीक्षा मिशिगनलाच द्यावी लागली. डिसेंबर २०२५ मध्ये विद्यापीठाने शरोन मूर यांना पदावरून काढलं. मोसमाचे नेहमीचे सामने संपलेले, पोर्टल उघडायला तीन आठवडे. २६ डिसेंबरला यूटाचे अनुभवी कोच काइल व्हिटिंगहॅम यांची नेमणूक जाहीर झाली, खिडकी उघडण्याच्या बरोबर एक आठवडा आधी. मूर यांना दोन वर्षांपूर्वी बाजार उठल्यावर खुर्ची मिळाली होती. व्हिटिंगहॅम यांना पोर्टलच्या पहिल्या दिवसापासून फोन करता आले.